सोयऱ्यांची पिकअप

जुनी पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली, की गाड्यांमधलं बाईमाणसाला काय कळतं. मला कळत नव्हतंच. पण माल मी तोडून घेत होते, क्रेट मी भरून ठेवत होते, आणि भाड्याचा टेम्पो आला नाही की बोलणीही मीच खात होते. तेव्हा गाडी पारखायला शिकायचं कोणी, यावर फार चर्चा झाली नाही.

दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आळ्याच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. कालव्याचं पाणी आल्यापासून बाजरी मागे पडली होती आणि टोमॅटो, कोथिंबीर, मेथी सुरू झाली होती. नवरा मंचरला एका शाळेत कारकून. शेती सासरे आणि मी बघत होतो. सासरे बांधावरून बघायचे.

गावात टेम्पोवाला एकच. तो चार वस्त्यांवरचा माल गोळा करत यायचा आणि आमची वस्ती त्याच्या वाटेवर शेवटची. नारायणगावच्या बाजारात आम्ही पोचायचो तेव्हा व्यापाऱ्यांच्या गाड्या भरत आलेल्या असायच्या. सकाळी ज्या मालाला गिऱ्हाईक भांडतं, त्याच मालाकडे दहा वाजता कोणी मान वळवून बघत नाही. एका हंगामात तर टेम्पो दोनदा आलाच नाही. त्याने लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी दिली होती. भरलेले क्रेट दोन दिवस ओट्यावर राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हशींपुढे टाकले. म्हशी तरी किती खाणार.

त्याच म्हशींपैकी दोन विकून आम्ही गाडीची तयारी केली. नवी घ्यायची ऐपत नव्हती. रोजचं विकायचं दूध गेलं होतं, दिवाळीच्या आत टोमॅटोचा तोडा सुरू होणार होता, आणि जी गाडी घेऊ ती चालली नाही तर दुसरी घ्यायला एका म्हशीशिवाय हातात काही उरणार नव्हतं. विषय एवढाच होता.

आळेफाट्याला एक मिस्तरी होता. बोलायला तुसडा, पण कामाला खरा. त्याच्याकडे मी दोन-तीनदा नुसतीच जाऊन बसले. तो गाडीखाली झोपलेला असायचा आणि मी त्याच्या पायांशी बोलायचे. तिसऱ्या वेळी तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, गाडीवाल्याच्या दारात गेलं का आधी च्या घेऊ नका. च्या पाजत्यात ते उगी न्हाई. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजायचं, तुमी यायच्या आधी चालू करून ठिवलीया. थंड इंजान उठत नसंल, म्हणून."

बाकीचंही त्याने सांगितलं. धुऊन चकाचक केलेलं इंजिन बघून खूश व्हायचं नाही, कारण गळती धुतली जाते. गाडी चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढायचं, आतून धूर फेकत असेल तर घरी यायचं. आणि सगळे पुढून बघतात, तसं न बघता मागून बघायचं. गाडीने काय वाहिलं ते मागचा माल भरायचा हौदा सांगतो.

हे ऐकून आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिली मंचरजवळ हायवेला लावलेली होती. नवा रंग, केबिनला झालर, आत गाण्यांची टेप. नवरा दोनदा तिच्याभोवती फिरला. मी हौद्यातलं रबर उचललं. खाली पत्र्याची चाळण झाली होती. कोंबड्या वाहिलेली गाडी होती ती. त्यांची घाण पत्रा खाते, आणि तेवढ्यावर थांबत नाही, खालच्या चासीच्या सांगाड्यालाही लागते. दुसऱ्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, ओझ्याने पार सरळ झालेले होते. नदीतली वाळू. मालक म्हणाला, कधीमधी घरच्या बांधकामाला आणली. मी म्हटलं, केवढं घर बांधलंत हो. आणि आम्ही चहा न घेता निघालो.

मग शिनोलीहून निरोप आला.

शिनोलीला माझी मोठी नणंद दिलेली. तिच्या धाकट्या दिराची पिकअप होती, ती त्याला विकायची होती. किंमत आमच्या आवाक्यातली. सासऱ्यांनी निरोप ऐकला आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. बाहेरच्या माणसाकडून घेऊन फसण्यापेक्षा सोयऱ्याची घ्यावी, आपला पैसा आपल्यातच राहतो. मी म्हटलं, बघून घेऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर पंगतीत काहीतरी वावगं बोलले.

आमच्याकडे जुनी रीत आहे. सोयऱ्याच्या दावणीचा बैल घेताना ना बैलाचं तोंड उघडायचं, ना आपलं. परक्याच्या बैलाचे दात मोजा, शेपूट ओढा, चालवून बघा. सोयऱ्याच्या बैलाला हात लावून पाहिला तर तुमचा त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो, आणि त्याचा हिशेब तुमच्या तिथे दिलेल्या मुलीकडून चुकता होतो. सासऱ्यांनी आयुष्यभर बैल घेतले-विकले होते. गाडी त्यांच्या लेखी बैलच होती.

आम्ही एसटीने शिनोलीला गेलो. गाडी पडवीच्या सावलीत उभी होती, धुतलेली. दोन दिवसांत जागची हलवली नाही म्हणाले. पुरुषमंडळी ओट्यावर बसली. नणंदेला भेटायला आत जाता जाता मी तोल सावरल्यासारखा एक हात बॉनेटवर टेकला. गरम होतं. सासऱ्यांनी ते पाहिलं. त्यांची नजर मला कळली आणि मी हात काढला.

आतून चहा देताना बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. भातं कशी आहेत, पाऊस लांबला, अमक्याची सोयरीक मोडली. गाडीबद्दल कोणी अक्षर काढत नव्हतं, म्हणजे ठरल्यातच जमा होतं. आता सासरे खिशात हात घालून विसाराचे पैसे देणार आणि मग काही करता येणार नाही, हे मला दिसत होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि नणंदेच्या सासऱ्यांना म्हटलं, "मामा, आमचा तोडा उद्यावर आलाय. गाडी सध्या आठ दिवस सावडीला न्यावी का? मग तुमच्या भातकापणीला आमची दोन माणसं येतील. देण्याघेण्याचं सावकाश बोलू."

सावड म्हणजे अडीनडीला एकमेकांच्या कामाला जायचं. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझी माणसं माझ्या रानात. सोयऱ्याचा बैल तपासता येत नाही, पण सोयरा सावडीला नाही म्हणू शकत नाही. एक रीत दुसरीला आडवी घातली, एवढंच मी केलं. नणंदेचे म्हातारे सासरे बरं म्हणाले. धाकट्या दिराने किल्ली दिली, पण देताना त्याचा हात जरा रेंगाळला.

इथवर मला माझं कौतुक वाटत होतं. पुढची चूक माझीच.

नवऱ्याने गाडी संध्याकाळी वस्तीवर आणली. मी उतरून तशीच मजूर बायकांना उद्याचं सांगायला गेले. परत आले तो सासूबाईंनी बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली होती, नारळ फोडला होता आणि वस्तीतल्या आठही घरी खोबरं-साखर वाटली होती. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "दारात चाक आलं. मी काय तसंच ठिवू मोकळं?"

त्यांना सांगायला हवं होतं, की ही गाडी आपली नाही, आठ दिवसांची पाहुणी आहे. मी सांगितलं नव्हतं. पूजा झाली म्हणजे गाडी घरची झाली. पूजलेली वस्तू परत करणं म्हणजे लक्ष्मीला दाराबाहेर काढणं. दोन दिवसांत ही बातमी एसटीने शिनोलीला पोचली, आणि तिकडूनही निरोप आला की पूजा झाल्याचं ऐकून समाधान वाटलं.

गाडी मात्र घरची झाल्यासारखी वागत नव्हती. पहाटे थंडीत ती उठायची नाही. शेजारचे दोघे-तिघे येऊन ढकलायचे. त्यांतला एक म्हणाला, "वहिनी, गाडी घेतली का आमची तालीम लावली?" चालू झाली की मागे निळा धूर सोडायची, इतका की उरलेली म्हैससुद्धा तोंड फिरवायची. भरलेल्या क्रेटांनिशी चढाला ती अशी रडत जायची की एकदा आमचा जुना टेम्पोवाला हॉर्न वाजवत पुढे गेला. त्याने हातही केला. आठ दिवसांत तीन दिवस आम्ही बाजारात त्याच्याही मागून पोचलो. आणि ऑइल. रोज एक डबा. पहिल्या दिवशी वाटलं जुनं कमी असेल. चौथ्या दिवशी मी आधीचे रिकामे डबेही शोधून आणले आणि सगळे गोठ्यात एका जागी ठेवायला लागले.

मिस्तरीला दाखवली. त्याने झाकण काढलं, धूर बघितला आणि झाकण परत लावलं. "हाप इंजानचं काम हाय," म्हणाला, म्हणजे निम्मं इंजिन खोलून पुन्हा बांधायचं. "आनि खोलल्यावर आजून काय निघंल ते मी आत्ता सांगत न्हाई."

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, चालते तर आहे. सासरे म्हणाले, "पोरीच्या सासरची गाडी माघारी धाडायची. आन् पूजा केल्याली. तिनं तिथं तोंड कसं दाखवायचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. नणंदेने त्या घरात सतरा वर्षं काढली होती. पण गाडी ठेवली तर तोडा संपेपर्यंत टोमॅटो रस्त्यात राहणार होते, आणि इंजिन खोलायला जे लागेल ते आमच्याकडे नव्हतं. सासऱ्यांना मी तसं सांगितलं. रविवारी आम्ही शिनोलीला निघालो तेव्हा ते आले नाहीत.

नवरा गाडी चालवत होता. मी रिकामे डबे खताच्या गोणीत घालून पायाशी घेतले होते.

पोचल्यावर मी आधी परसात गेले. नणंद भांडी घासत होती. तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने भांडी घासायची थांबवली नाही. म्हणाली, "गाडी नको तर नको. पन उद्या माझ्यामुळं घेतली आसं म्हणू नको. तसं म्हणलीस तर मात्र मी तुझ्याशी बोलणार न्हाई."

"तुम्हाला इथे ऐकून घ्यावं लागेल, आक्का."

"ते मी रोजच आयकते. ते कळशीतलं पानी वत जरा."

मी पाणी ओतलं आणि पुढे ओट्यावर गेले. नवरा खांबाला टेकून उभा होता. धाकटा दीर आणि त्याचे वडील बसले होते. गाडी वाईट आहे असं मला म्हणता येत नव्हतं, म्हणून बोलण्याऐवजी गोणी ओट्यावर उपडी केली. डबे घरंगळले आणि एक म्हाताऱ्याच्या पायापाशी जाऊन थांबला.

म्हाताऱ्याने तो उचलला, आत बघितलं, हुंगला. "किती दिसाचं?"

"आठ," मी म्हटलं.

त्याने मुलाकडे बघितलं. मुलगा अंगणाकडे बघत होता. म्हणाला, "पूजा झाली ना पन त्यांच्यात. पुजल्यावर आता काय?"

"पूजा कशाची केली?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

"चाकांची. आणि वर स्वस्तिक काढलं."

"मग बरूबर हाय. चाकं सोन्यासारखी हायती तिची. चाकं घरी न्या आन् इंजान आमाला ठिवून जा." एवढं बोलून तो स्वतःच हसला, नवराही हसला. मुलगा हसला नाही. म्हातारा उठला, अंगणात गेला आणि पाण्याच्या हाताने बॉनेटवरचं कुंकू पुसायला लागला. सुकलेलं निघत नव्हतं तर नखाने खरवडलं. नंतर मुलाला म्हणाला, "किल्ली घे." त्याने घेतली. झालं ते एवढंच. जेवायला मात्र सगळ्यांनी आग्रह केला आणि आम्ही जेवलो. धाकटा दीर पंगतीला बसला नाही. सांगून गेला, की रानात काम आहे.

गाडी परत झाली, पण सावड उरली होती. आठ दिवस त्यांची गाडी वापरली होती, मग ती चालो न चालो. पुढच्या आठवड्यात टोमॅटो पुन्हा टेम्पोवर सोपवून मी आणि एक मजूर बाई शिनोलीला तीन दिवस भात कापायला गेलो. सासरे म्हणाले, आता जायची काय गरज. मी म्हटलं, कबूल केलंय.

दोन दिवस धाकटा दीर माझ्या बाजूच्या खाचरात कापत होता आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. विळा चालू असताना गप्प राहणं सोपं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर त्याने तंबाखू मळत मळत तोंड उघडलं.

"वयनी, एक गाडी हाय. बेल्ह्याच्या म्होरं माळावर. आमच्या रानात मेंढ्या बसवाया येत्यात ना, त्यांची. त्यांच्यातली दोन पोरं पुन्याला लागली, मेंढरं कमी केली, आता गाडी उभीच आस्ती." थोडं थांबून म्हणाला, "सोयऱ्यातली न्हाई. तवा चांगली बगून घ्या."

शिनोलीहून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी सातला आम्ही तिथे पोचलो, न कळवता. घरात व्यवहार बघणारी एक थोराड बाई होती. गाडीचे दोन दरवाजे दोन रंगांचे, एक आरसा गायब, किलोमीटरचा काटा कधीचा मेलेला. हौद्यातून लोकरीचा आणि लेंड्यांचा असा वास येत होता की नवरा चार पावलं मागेच थांबला. मी बॉनेटवर हात ठेवला. दवाने गार पडलेलं होतं. बाईने ते पाहिलं आणि तिला त्यात काही वाटलं नाही.

"नुसता हात काय लावता," ती म्हणाली. "खाली वाका, वर चढा, चालू करून बगा. मेंढरू इकताना आमी गिऱ्हाइकाला दात बगू देतो. मागून भांडान नको."

मी खाली वाकले, वर चढले. हौद्यात फळ्या अंथरलेल्या होत्या, त्यामुळे खालचा पत्रा शाबूत होता. गाडीने वाहिलं काय, तर चालता न येणारी कोकरं, आजारी मेंढ्या, मेंढ्यांभोवती लावायची जाळी आणि घरातली भांडीकुंडी. पाट्यांवर कधी भार पडलाच नव्हता. गाडी किल्लीच्या दुसऱ्या फेरीत चालू झाली. झाकण काढलं तर धूर नव्हता. तरीही मी मिस्तरीला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, आणि तो पाऊण तास तिच्याखाली होता. बाहेर येऊन म्हणाला, क्लच प्लेट वर्षभरात टाकावी लागेल, बाकी घ्या. त्याच्याकडून यापेक्षा मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही. किंमत सोयऱ्यांच्या गाडीपेक्षा थोडी जास्तच पडली. उरलेली तिसरी म्हैस तेव्हा गेली.

सासूबाईंना या वेळी कागद नावावर होईपर्यंत मी नारळ फोडू दिला नाही. सासरे गाडीजवळ आले नाहीत. नणंद त्या दिवाळीला आली. तिला तिकडे काय ऐकावं लागलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तोडा निम्मा संपला होता. उरलेल्या निम्म्यातला पहिला माल घेऊन मी आणि नवरा पहाटे निघालो. त्याने मला बाजारात सोडावं, माल उतरवून तसाच गाडीने पुढे मंचरला जावं आणि मी एसटीने परत यावं, असं ठरलं होतं. नारायणगावला आलो तेव्हा बाजार भरत होता, व्यापारी चहा पीत उभे होते आणि दिवसाचा पहिला भाव सातला फुटायचा होता. आपण काय करायचं ते आम्हाला कळेना. इतक्या वर्षांत तिथे थांबायची वेळच आली नव्हती. नवरा दोनदा उतरला, दोनदा परत बसला.

एक व्यापारी आला, हौद्याजवळ नाक घेऊन गेला आणि म्हणाला, "ताई, टमाटी आणलीत का कोकरं?" मग एक टोमॅटो उचलून अंगठ्याने दाबला आणि भाव सांगितला. टेम्पोच्या दिवसांतल्या भावापेक्षा तो बरा होता. नवरा माझ्याकडे बघत होता, कारण त्याला अकराच्या आत शाळेत पोचायचं होतं.

मी नाही म्हटलं. सात वाजायला अजून दहा मिनिटं होती.